लोडसाहेबांचा पॉइंट सहा

निवृत्त होऊन चार महिने झाले, तरी लोडसाहेबांना कोणी काही विचारलं नव्हतं. म्हणजे 'चहा घेणार का' आणि 'चष्मा कुठे ठेवलात' असं रोज विचारलं जायचं, पण त्याला प्रश्न म्हणत नाहीत. ज्याचं उत्तर देण्याआधी माणसाला खुर्चीत मागे रेलता येतं, तो प्रश्न. असा एक प्रश्न त्यांच्या मुलीने शनिवारी सकाळी विचारला, आणि त्या प्रश्नाने पुढचे सहा दिवस इमारतीतल्या एकाही माणसाला सुखाने बसू दिलं नाही.

"बाबा, नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलंय. त्याला पॉवर सप्लाय किती वॅटचा लागेल?"

लोडसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वीज कार्यालयात बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कोणत्या घराला, कोणत्या दुकानाला, कोणत्या छापखान्याला किती लोड मंजूर करायचा, हे ठरवण्याचं. लोक अर्जासोबत उपकरणांची यादी द्यायचे. साहेब वॅटची बेरीज करायचे आणि तिला शून्य पॉइंट सहाने गुणायचे. का, तर सगळी उपकरणं एकाच वेळी कधीच चालत नाहीत. इस्त्री चालू असते तेव्हा मिक्सर गप्प असतो, गीझर चालू असतो तेव्हा माणूस टीव्ही बघत नसतो. म्हणून शंभर मागितले तर साठ द्यायचे. कार्यालयात या प्रकाराला नुसतं 'पॉइंट सहा' म्हणत. साहेब रजेवर आहेत असं कळलं की लोक घाईघाईने अर्ज आणून टाकत, असंही म्हणत. साहेबांच्या कानावर ते कधी आलं नाही.

तेव्हा वॅटचा प्रश्न, आणि तो त्यांना विचारलेला. ते खुर्चीत मागे रेलले.

"अर्ज आण," ते म्हणाले.

मुलगी हसली. बाबा हसत नाहीत हे बघून तिने हसू आवरलं आणि एका जिन्याच्या नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अर्ज लिहिला. ती आर्किटेक्ट होती. सहा वर्षं नोकरीत तिने दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने आणि न्हाणीघरं काढली होती. दोन महिन्यांपूर्वी ती नोकरी सोडून ती घरातल्या मागच्या खोलीत बसली होती. मुलांसाठी एक वाचनालय बांधायचं होतं, त्याची स्पर्धा लागली होती. ज्याचा आराखडा निवडला जाईल त्याचं वाचनालय खरोखर बांधणार होते. नकाशे तयार होते. फक्त इमारतीतून फिरून आल्यासारखं वाटेल असं तीन मिनिटांचं चलत्‌चित्र कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचं राहिलं होतं. जुन्या कार्डावर त्याला तीन आठवडे लागले असते. हातात सहा दिवस होते. शुक्रवारी संध्याकाळी पाचला सगळं पाठवायचं होतं.

अर्जात तिने लिहिलं, कार्ड तीनशे वीस वॅट, प्रोसेसर सव्वाशे, बाकी किडुकमिडुक पंचाण्णव. खाली एक ओळ टाकली, 'कार्डाच्या खोक्यावर साडेसातशेचा पुरवठा हवा असं लिहिलं आहे.'

उत्तर द्यायला साहेबांना दहा मिनिटं पुरली असती. त्यांनी दोन दिवस घेतले. त्याच दिवशी उत्तर दिलं की अर्जदाराला वाटतं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. सोमवारी सकाळी हिरव्या शाईत शेरा आला: 'एकूण भार ५४०. गुणक ०.६. प्रत्यक्ष गरज ३२४. सध्याचा पुरवठा ४५० वॅटचा असून तो पुरेसा, किंबहुना जास्तच आहे. मागणी अमान्य.'

"पण बाबा, खोक्यावर साडेसातशे..."

"खोक्यावर लिहिणारा म्हणजे अर्जदारच. अर्जदार नेहमी फुगवूनच सांगतो. बत्तीस वर्षांत मला खरा आकडा सांगणारा माणूस भेटलेला नाही. सगळं एकाच वेळी कधी चालतं का?"

"माझं चालतं," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"तुझं काय चालतं?"

"सकाळी साडेसातला या एकदा इकडे. मग सांगते."

साहेब आले नाहीत. साडेसातला ते पेपर वाचत, आणि हा क्रम त्यांनी लग्नानंतर मोडलेला नव्हता.

मुलीने विश्वास ठेवला. वीज हा बाबांचा विषय, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. शाळेत 'माझे बाबा' या निबंधात तिने तसं लिहिलंही होतं. तिने जुन्याच पॉवर सप्लायवर नवीन कार्ड बसवलं. कार्डाला वीज घ्यायला दोन तोंडं होती आणि जुन्या सप्लायला द्यायला एकच तार. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून तिने एकाची दोन करणारी जोडतार आणली. दुकानवाली बाई तार देताना काहीतरी विचारत होती, पण मुलगी घाईत होती.

कॉम्प्युटर सुरू झाला. पडदा असा काही झळकला की साहेबांनी काही कारण नसताना तीनदा त्या खोलीवरून चक्कर मारली. तिसऱ्या वेळी ते दारात थांबून म्हणाले, "सुरळीत?" मुलगी म्हणाली, "एकदम." साहेबांना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

तीन वाजता मुलीने चलत्‌चित्र काढायचं काम लावलं. पंखे घुमू लागले. चौथ्या मिनिटाला 'टक्' असा आवाज झाला आणि पडदा काळा झाला. धूर नाही, वास नाही. कॉम्प्युटर नुसता बंद. पुन्हा सुरू केला, पुन्हा चार मिनिटं, पुन्हा टक्. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा टक् झालं.

"पॉवर सप्लाय कमी पडत असेल का?" मुलगी म्हणाली.

"सप्लाय कसा कमी पडेल?" साहेबांच्या आवाजात दुखावलेपणा होता. "तीनशे चोवीसची गरज, साडेचारशेचा पुरवठा. सप्लायकडे पोचायच्या आधीच कुठेतरी वीज कमी पडतेय. भिंतीतून येतानाच."

हा निष्कर्ष जिन्यात सांगायची त्यांनी चूक केली. समोरच्या दारातले विमावाले म्हणाले, "अहो, इन्व्हर्टर घ्या. आणि कॉम्प्युटरचा विमा आहे का? नसेल तर आज बंदच ठेवा, उद्या बोलू." पहिल्या मजल्यावरचे निवृत्त विज्ञानाचे सर बाहेर आले. ते म्हणाले, दोष अर्थिंगचा. जगातल्या बहुतेक गोष्टींत सरांना अर्थिंगचा दोष दिसायचा. त्यांच्या सुनेच्या स्वभावातही त्यांना एकदा तो दिसला होता. तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. ते मास्क खाली करून म्हणाले, "माझ्या खुर्चीमुळे होत असेल तर आधीच सांगतो, ती मी बंद ठेवू शकत नाही." त्यांच्यावर कोणी आरोप केला नव्हता. पण त्यांनी आपण होऊन खुलासा केला म्हणताना साहेबांना संशय आलाच.

घराचा मंजूर लोड वाढवून घ्यायचा, असं ठरलं. साहेब मंगळवारी इस्त्रीचे कपडे घालून आपल्याच जुन्या कार्यालयात गेले.

खुर्चीत आता त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढलेला माणूस होता. साहेबांना बघून तो उठला, मग आता आपण उठायचं नसतं हे आठवून बसला, मग पुन्हा अर्धवट उठून म्हणाला, "या साहेब." खुर्चीवर नवी गादी आली होती. साहेबांनी ती बघितली आणि बघितली नाही असं दाखवलं. अर्ज पुढे केला. त्याने तो वाचला, यादीची बेरीज केली, काहीतरी गुणलं आणि अवघडून बसला.

"साहेब, हे बसत नाही."

"कशात बसत नाही?"

"पॉइंट सहा लावल्यावर तुमची गरज मंजूर लोडपेक्षा कमीच निघते. वाढवता येत नाही."

"कुठे लिहिलंय?"

त्याने खणातून एक कागद काढला. परिपत्रक क्रमांक सतरा. खाली सही लोडसाहेबांची. साहेब वाचू लागले. 'अर्जदार आपली गरज नेहमी वाढवून सांगतो, हे लक्षात घ्यावे. अर्जदाराच्या आग्रहास, नात्यास अथवा वयास बळी पडू नये.' वाक्य निर्दोष होतं. 'वयास' हा शब्द घालायला त्यांना त्या वेळी एक अख्खी दुपार लागली होती, तेही त्यांना आठवलं. आपण किती चांगलं लिहीत होतो, या विचाराने त्यांना क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच आपणच तो अर्जदार आहोत हे ध्यानात आलं.

"कलम नऊ बघा," तो माणूस हळूच म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं. "तुम्हीच एक वाट ठेवलीय."

कलम नऊ असं होतं. अर्जदाराने हट्टच धरला तर इमारतीतल्या सर्वांनी आपापली वीज पंधरा मिनिटं बंद ठेवावी आणि अर्जदाराचं उपकरण एकटं चालवून बघावं. एकटं असताना चाललं, तर वीज कमी पडते हे सिद्ध झालं; लोड वाढवून द्यावा. सर्व शेजारी आणि एक त्रयस्थ साक्षीदार यांच्या सह्या घ्याव्यात. इतके शेजारी एका गोष्टीसाठी कधीच एकत्र येणार नाहीत, या हिशेबाने साहेबांनी ते कलम घातलं होतं.

"मी चाचणी घेतो," साहेब म्हणाले.

"राहू द्या साहेब. आम्ही बघतो काहीतरी."

निरोप समारंभातही हेच झालं होतं. हार गळ्यात असताना साहेबांनी एक अपुरी फाइल मागितली, तेव्हा हाच माणूस हेच म्हणाला होता, राहू द्या साहेब, आम्ही बघतो. साहेबांनी परिपत्रकाची प्रत घेतली, ती मिळाल्याबद्दल स्वतःच पोचही लिहून दिली आणि घरी आले.

सगळ्यांची समजूत काढण्यात मंगळवारचा उरलेला दिवस गेला. सरांनी अट घातली की निष्कर्षात 'अर्थिंग' हा शब्द यायला हवा. विमावाल्यांनी अट घातली की त्यांना दोन मिनिटं बोलू द्यावं. दातांच्या डॉक्टरांनी बराच वेळ नाही म्हटलं. शेवटी साहेबांच्या बायकोने खाली जाऊन "डॉक्टर, पंधरा मिनिटं द्या आणि मला सोडवा" असं सांगितल्यावर त्यांनी बुधवारी अकराची वेळ दिली. मुलीने फक्त एवढंच विचारलं, "बाबा, यात एक दिवस जाईल. नक्की ना?" साहेब म्हणाले, "कलमाप्रमाणे चाललो की काही चुकत नाही."

बुधवारी अकराला साहेब हातात वही घेऊन मजल्यामजल्यावर फिरले. 'बंद?' 'बंद.' मग खूण. 'बंद?' 'बंद.' मग खूण. फ्रिज थांबले, पंखे थांबले, वर पाणी चढवणारा पंपही थांबला. इमारत इतकी शांत झाली की दुसऱ्या मजल्यावरच्या भिंतीवरचं घड्याळ तळमजल्यावर ऐकू यायला लागलं. सगळे साहेबांच्या घरात, मागच्या खोलीच्या दाराशी जमले. डॉक्टर आले, आणि त्यांच्यामागून त्यांचा पेशंटही आला, तोंडात कापसाचे बोळे घेऊन. त्याला खुर्चीत एकट्याला अंधारात बसायचं नव्हतं. त्रयस्थ साक्षीदाराचा प्रश्न असा आपोआप सुटला.

विमावाले त्यांच्या वाट्याची दोन मिनिटं बोलले. मग साहेबांनी मुलीला खूण केली.

काम सुरू झालं. पंखे घुमले. एक मिनिट झालं. दोन झाली. पडद्यावर वाचनालयाचं दार उघडलं, आतल्या ठेंगण्या मांडण्या दिसल्या, खिडकीखाली पाय दुमडून बसायची जागा दिसली. "अरे वा," सर म्हणाले. तीन मिनिटं झाली. साहेबांनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. कार्यालयात मोठे अधिकारी तपासणीला आले की ते अशी फिरवत.

टक्.

इतर वेळी तो आवाज खोलीबाहेर गेला नसता. त्या शांततेत तो इमारतभर गेला.

मग सर म्हणाले, "म्हणजे दोष आमच्यात नव्हता."

"तसं मी सोमवारीच सांगितलं होतं," दातांचे डॉक्टर म्हणाले.

कलम नऊप्रमाणे निष्कर्ष लिहिणं भाग होतं, आणि तो लिहायला साहेबांखेरीज कोणाला येत नव्हता. त्यांनी आपल्याच अक्षरात लिहिलं, 'वीज पुरेशी आहे. दोष अर्जदाराच्या घरात.' त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. पेशंटला बोलता येत नव्हतं, पण सही त्याची सगळ्यांत ठसठशीत आली. जाताना त्याने साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांत्वन केलं. ते काय होतं हे बोळ्यांमुळे कळलं नाही.

मुलगी चिडली असती तर साहेबांना सोसलं असतं. चिडलेल्या अर्जदारांना तोंड द्यायची त्यांना बत्तीस वर्षांची सवय होती. ती चिडली नाही. तिने वायरी गुंडाळत शांतपणे म्हटलं, "राहू द्या बाबा. मी बघते."

साहेब गॅलरीत जाऊन बसले. जेवायला या म्हटल्यावर आले, जेवले, पुन्हा जाऊन बसले. बायकोने चहा दिला आणि काही बोलली नाही. बायको बोलली नाही, यावरून प्रकरण किती वाईट आहे ते साहेबांना कळलं.

गुरुवारी सकाळी, पेपर न वाचता, ते कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानवाली बाई एका उघड्या कॉम्प्युटरमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभी होती. तिने मान वर केली नाही.

"माझ्या एका ओळखीच्या माणसाला विचारायचं होतं," साहेब म्हणाले. "म्हणजे त्याच्या वतीने. त्याच्याकडे पाचशे चाळीस वॅटचा भार आहे. त्याने पॉइंट सहा लावून तीनशे चोवीस धरला. सप्लाय साडेचारशेचा. तरी बंद पडतो."

"पॉइंट सहा कशाबद्दल?"

साहेबांनी समजावून सांगितलं. इस्त्री, मिक्सर, गीझर. बाईने हात बाहेर काढला, पुसला आणि स्टूल पुढे केलं.

"तुमच्या ओळखीच्या माणसाला सांगा, घराचं ठीक आहे, कॉम्प्युटरचं तसं नसतं. चित्राचं काम लावलं की आतले सगळे एकदम कामाला लागतात. कार्ड, प्रोसेसर, पंखे, सगळे. तुझं झालं की मी, असं त्यांच्यात नाही. वर ही नवी कार्डं मध्येच एक झटका मारतात. डोळ्याचं पातं लवायच्या आत जवळजवळ दुप्पट वीज मागतात आणि पुन्हा गप्प होतात. नेमका त्या वेळी सप्लाय म्हणतो, मला झेपणार नाही, आणि बंद होतो. शहाणा आहे बिचारा. हलका माल असता तर जळाला असता आणि कार्डालाही घेऊन गेला असता."

"एका क्षणासाठी साडेसातशे मंजूर करायचे?"

"बंद पडायलाही एक क्षणच लागतो, काका. आणि ती जोडतार काढा आधी. मी त्या मुलीला विचारत होते सप्लाय कितीचा आहे म्हणून. ती म्हणाली, बाबांनी बघितलंय."

साहेब स्टुलावर बसले. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांना समजावलं होतं, पण आपण समजून घेऊन गप्प बसायची वेळ फारशी आली नव्हती. मग ते म्हणाले, "तो ओळखीचा माणूस म्हणजे मीच."

"कळलं मला," बाई म्हणाली आणि फळीवरून साडेसातशेचा खोका काढू लागली. बरोबर तिने तीन सूचना दिल्या: जुन्या सप्लायच्या तारा नव्याला लावायच्या नाहीत, खाचेत बसल्या तरी नाहीत, कारण आतली जोडणी वेगळी असते, कार्डाला दोन वेगळ्या तारा जोडायच्या, सप्लायचा पंखा मोकळा ठेवायचा. साहेबांनी वही काढून तिन्ही सूचना लिहून घेतल्या. त्या सूचनांना मात्र पॉइंट सहाने गुणलं नाही.

घरी नेला तर सप्लाय कॅबिनेटमध्ये जाईना. जुन्यापेक्षा चांगला दोन बोटं जास्त लांब होता आणि आत हार्ड डिस्क ठेवायचा पत्र्याचा पिंजरा आडवा येत होता. मुलीने फिरवून बघितला, उलटा करून बघितला. विमावाल्यांनी दारातून सुचवलं, थोडं कापा. साहेबांनी दार लावून घेतलं. शेवटी कॅबिनेटची एक बाजू उघडी ठेवून सप्लाय बाहेरच ठेवायचा ठरला, पण तारा जमिनीपर्यंत पोचत नव्हत्या. काहीतरी वीतभर उंचीचं, सपाट आणि भक्कम हवं होतं. साहेब बाहेरच्या खोलीत गेले आणि काचेच्या कपाटातून निरोपाला मिळालेलं मानचिन्ह घेऊन आले. चांगलं जाड शिसवी लाकूड, वर पितळी पट्टीवर 'प्रदीर्घ सेवेबद्दल कृतज्ञतापूर्वक'. त्यांनी ते आडवं ठेवलं. त्यावर सप्लाय अगदी मापात बसला.

"बाबा, अहो ते..."

"पंखा मोकळा ठेव," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

काम वीस तास चालणार होतं. गुरुवारी संध्याकाळी सहाला सुरू झालं. चार मिनिटं झाली, दहा झाली, तासही झाला. टक् झालं नाही. मुलीच्या खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं. पण साहेबांना कोणी बोलावलं नाही आणि तेही गेले नाहीत. दोष अर्जदाराच्या घरात, हे त्यांच्याच सहीने सिद्ध झालं होतं.

शुक्रवारी सकाळी साडेसातला पेपर हातात घेऊन ते जेवणाच्या टेबलाशी बसले, कारण तिथून मागच्या खोलीतला सप्लायचा दिवा दिसायचा. तिथून स्वयंपाकघरही दिसायचं. आयुष्यात प्रथमच त्यांनी ते त्या वेळी बघितलं. गीझर चालू होता. मिक्सर फिरत होता. कपड्यांचं मशीन गदगदा हलत होतं. शेगडीवर दोन भांडी उकळत होती, टोस्टर लालबुंद झाला होता, आणि एका हाताने मिक्सर दाबून धरून बायको दुसऱ्या हाताने साहेबांच्याच शर्टाला इस्त्री करत होती. फोन खांद्याला लावून ती कुणा नातेवाईकांशीही बोलत होती. मध्येच तिने पायाने फ्रिजचं दार लावलं.

साहेब मनातल्या मनात बेरीज करत गेले. बेरीज झाल्यावर त्यांनी ती कशानेही गुणली नाही. पेपर वर धरला आणि बराच वेळ एकच पान वाचलं.

दुपारी दोनला चलत्‌चित्र पुरं झालं. साडेचारपर्यंत मुलीने त्याला नाव-गाव जोडलं, नकाशे चढवले आणि स्पर्धेचा अर्ज भरायला घेतला. पावणेपाचला तिची हाक आली.

"बाबा!"

साहेब गॅलरीतून उठले, पण आत गेले नाहीत. दारातच थांबले.

"यात शेवटच्या पानावर एक रकाना आहे, मी बघितलाच नव्हता. वाचनालयाला विजेचा भार किती लागेल. किती लिहू?"

"त्या दुकानातल्या बाईंना विचार."

"त्यांना इमारतीचं काय कळणार? पंधरा मिनिटं राहिलीत बाबा. बसा ना."

साहेब बसले. मागे रेलले मात्र नाहीत; स्टूल होतं. मुलगी नकाशावर बोट ठेवून सांगत गेली आणि ते लिहीत गेले. वाचायच्या टेबलांवर चाळीस दिवे. छताला चौदा पंखे. सहा कॉम्प्युटर. पाणी चढवायचा पंप. खाली रेघ मारून त्यांनी बेरीज केली. ती एका झटक्यात बरोबर आली. मग त्यांचं पेन सवयीने बेरजेच्या उजवीकडे सरकलं आणि तिथे गुणिलेची फुली काढून थांबलं.

पाचला आठ कमी होते. मुलगी घड्याळाकडे बघत होती.

"अगं ए," साहेबांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "एक विचारायचं होतं."

मिक्सर थांबला. बायको हात पुसत दारात आली. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि 'एक विचारायचं होतं' या शब्दांनी सुरू झालेलं वाक्य तिने या तोंडून ऐकलं नव्हतं. म्हणून ती आधी जरा घाबरली.

"काय झालं?"

"मुलांचं वाचनालय आहे. चाळीस जणांची जागा. तर चाळीसच्या चाळीस एकदम येतील का? की थोडी आत्ता, थोडी मग, अशी येतील?"

"शाळा किती वाजता सुटते?"

"पाचला," मुलगी म्हणाली.

"मग पाच वाजून दहा मिनिटांनी सगळी येतील," बायको म्हणाली. "आणि बरोबर धाकट्या भावंडांनाही आणतील. चाळीसचे दिवे नाही पुरायचे. साठ घाला."

साहेबांनी फुली खोडली. चाळीस खोडून साठ लिहिले, नवी बेरीज केली, तिच्याखाली दोन रेघा मारल्या आणि हिरव्या शाईत 'मंजूर' लिहून सही केली. मुलीने आकडा रकान्यात भरला आणि पाचला तीन मिनिटं कमी असताना सगळं पाठवून दिलं.

मग ती म्हणाली, "बाबा, रकान्यात नुसता आकडा हवा होता. सही नाही लागत."

"असू दे," साहेब म्हणाले आणि कागद बायकोपुढे धरला. "इथे खाली तुझीही कर."